सही दोघांची, वसुली एकटीची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला संयुक्त खात्यावरचा लेख वाचला. नवविवाहितांनी, आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनीही, एकच खातं उघडावं म्हणे. हिशेब सोपा होतो, विश्वास वाढतो वगैरे. विश्वास संपल्यावर त्या खात्याचं काय होतं, याला मात्र अर्ध्या पानात एक ओळही मिळाली नाही. ती मी लिहिते.

आमचं खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीचं, म्हणजे एकट्याच्या सहीनेही पैसे निघणारं. माझ्या तेव्हाच्या यजमानांच्या धंद्यासाठी त्यावर चार लाखांची ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक नसतानाही तेवढे पैसे उधार उचलण्याची, सोय घेतलेली, सह्या दोघांच्या. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झाला तेव्हा त्यातले साठेक हजार उचललेले होते. ते त्यांनी फेडायचे, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींत, स्वच्छ लिहिलंय. हुकूमनाम्याची प्रत जोडून मी शाखेत अर्ज दिला, की यापुढे एकट्याच्या सांगण्यावरून या खात्यातून पैसे देऊ नका. पोचेवर गोल शिक्का आहे, तारीख आहे, कोणाची तरी कोंबडीने पाय उमटवल्यासारखी सहीसुद्धा आहे. तरी गृहस्थांनी पुढच्या काही महिन्यांत बसल्या जागी, मोबाइलवरून, चार लाखांची मर्यादा गाठली. खात्यावर पहिलं नाव त्यांचं, त्यामुळे मेसेजही त्यांनाच.

मला पत्ता लागला तो दादरला, भाजीवाल्यासमोर. पगार आदल्याच दिवशी जमा झालेला, तरी मेथी-कोथिंबिरीचे साठ रुपये फोनवरून जाईनात. पुन्हा पिन घातला, पुन्हा तेच. भाजीवाल्याने तोवर दुसरं गिऱ्हाईक उरकलं. मागच्या बाई ‘नेटवर्क नसेल हो’ म्हणाल्या, तेवढीच लाज राहिली. बँकेत गेल्यावर समजलं, माझं पगाराचं खातंही त्याच बँकेत असल्याने त्यावर बँकेने लीन लावलं होतं, म्हणजे थकबाकीपोटी त्यातले पैसे अडकवून ठेवले होते.

काउंटरवरची मुलगी नम्र होती. ‘मॅडम, कोर्टाचा हुकूम तुमच्या दोघांतला, बँक त्यात पार्टी नाही.’ कायद्याने तिचं बरोबर आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं, की दोघांनी मिळून देणं पत्करलं असेल तर घेणेकरी कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. भरणाऱ्याने मग दुसऱ्याचा वाटा दुसऱ्याकडून वसूल करावा. कलम ४४ प्रमाणे घेणेकऱ्याने एकाला सोडलं तरी दुसरा सुटत नाही. म्हणजे आधी मी भरायचं, आणि मग ज्याच्यापासून सुटका करून घेतली त्याच्यामागे पुन्हा कोर्टात खेटे घालायचे!

सही माझी होती, तेव्हा पहिल्या साठ हजारांपुरतं मी एक वेळ ऐकून घेईन. पण अर्ज दिल्यानंतर उचललेले पैसे माझ्या माथी कसे? तर म्हणे, ‘अर्ज फाइलला लागलाय, पण सिस्टीममध्ये फीड झालेला नाही.’ तो कोणी करायचा होता? मी? काउंटरच्या आत येऊन?

वसुलीवाल्यांची तर गोष्टच वेगळी. थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. आमच्याकडे रात्री नऊला फोन येतो, आणि तो माझ्या आईला, जिची कुठल्याच कागदावर सही नाही. आई आधी विचारते, ‘जेवलास का रे बाबा?’ आणि मग त्याच्याकडून सगळं निमूट ऐकून घेते.

बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि मी जाणार आहे. तोवर क्रेडिट स्कोअर घसरतोय तो माझाही.

आपल्या लेखकमहाशयांनी पुढचा लेख यावर लिहावा. वेगळं होताना बचत खातं आणि ओव्हरड्राफ्ट दोन्ही बंद कशी करायची, बाकी शून्य झाल्याचं पत्र कोणाकडून घ्यायचं, एकटीने दिलेला अर्ज बँकेने कुठे आणि किती दिवसांत नोंदवायचा, हे वकील आणि बँकवाले दोघांना विचारून छापा. शेजारी चावी उंचावून हसणाऱ्या जोडप्याची गृहकर्जाची जाहिरात नसली तरी चालेल.

जाता जाता, गेल्या वेळी गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दलच्या माझ्या पत्रातली नेमकी कामाची वाक्यं आपण कापलीत आणि नमस्कार-चमत्कार तेवढे ठेवलेत. या वेळी नमस्कार कापा. कलमांचे आकडे राहू द्या.

– एक वाचक, दादर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये)