गुरूवरचा उन्हाळा

लेस्टर, रविवार

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही ध्रुवीय प्रकाशाबद्दल विचारलं, "लद्दाखात दिसलं म्हणे, मग आपल्या नागपुरात कधी दिसन?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय लग्नाच्या आहेरावर गेला. म्हणून लिहून पाठवते.

ध्रुवीय प्रकाश म्हणजे सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यानं वरच्या हवेत दिसणारा उजेड. मे 2024 च्या सौरवादळात, म्हणजे असा मारा खूप वाढला तेव्हा, लद्दाखातल्या हानलेच्या वेधशाळेला तो दिसला, आणि तो लाल होता. हिरवा आणि लाल, दोन्ही ऑक्सिजनचेच. पण हिरवा जमिनीपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो, लाल त्याच्याही वर, दोनशेच्या पुढे. लांबून पाहणाऱ्याचा हिरवा क्षितिजाखाली जातो, लाल तेवढा उरतो. नागपूर तर हानलेच्या खाली आणखी बाराएक अंश. तरी "कधीच नाही" असं म्हणवत नाही. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तो मुंबईत दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई आपल्याही दक्षिणेला!

तुम्हाला त्या रंगांपेक्षा त्यामागचा करंट जास्त आवडेल. मार्च 1989 मध्ये अशाच वादळानं कॅनडात क्वेबेक प्रांताची वीज ग्रिड दीडेक मिनिटात बसली, नऊ तास अंधार. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला बसलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं?

आता माझं काम. गुरू ग्रह. तिथं सूर्याचं ऊन आपल्या पंचविसाव्या हिश्शाएवढं. हिशोबानं वरचं वातावरण उणे सत्तरच्या आसपास हवं. प्रत्यक्षात निघतं चारशे अंश सेल्सिअसच्या वर. हे कोडं पन्नासेक वर्षं तसंच पडून होतं.

गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या आयो या चंद्रावरच्या ज्वालामुखींतून सेकंदाला साधारण टनभर गंधकाचा माल बाहेर पडतो, त्याचे आयन (विद्युतभारित अणू) होतात आणि गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ओढत फिरवतं. त्या ओढाताणीत प्रचंड विद्युतप्रवाह ध्रुवांकडे वाहतो. तिथल्या हवेला रोध आहेच. म्हणजे तुमच्या भाषेत लाइन लॉस, तारेत उष्णता होऊन वाया जाते ती वीज. तोच लॉस हवा तापवतो.

मग ध्रुवावरची उष्णता विषुववृत्तापर्यंत पोचते कशी? एवढ्या वेगानं फिरणाऱ्या ग्रहावर वारे ध्रुवाभोवतीच अडकायला हवेत, असं बहुतेक मॉडेलं सांगायची. हवाईच्या केक दुर्बिणीतून तापमानाचे नकाशे काढले, ते 2021 मध्ये छापून आले. त्यात तापमान ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे हळूहळू उतरताना स्वच्छ दिसतं. म्हणजे उष्णता जातेच. कशी जाते, यावर आम्ही अजून भांडतो. मला मॉडेलपेक्षा नकाशावर जास्त भरवसा वाटतो, आमच्या सरांना उलट.

तापमान मोजायला थर्मामीटर म्हणजे एक आयन: तीन हायड्रोजन, एक इलेक्ट्रॉन कमी. तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांत चमकतो. त्याच्या वर्णपटातल्या रेषा मोजत दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, बस. काकू सगळ्यांना सांगून राहिली की मी रोज रात्री आकाशातले दिवे पाहते, तिला आवरा. इथं बहुतेक रात्री ढगच असतात.

कूलरच्या ताट्या यंदा बदलून घ्या, गेल्या वर्षीच्या चालवू नका. आईला म्हणावं, संत्रा बर्फी पाठवायची तर कुरियरनं नको, मामेभाऊ येणार आहे त्याच्याकडे द्या. बीपीची गोळी रोज.

तुमची,
मनू