सतरा शेकेलांचं शेत

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सलाम.

काल तू प्लॉटचा व्यवहार मोडल्याचं सांगितलंस, तेव्हा वाटलं पैशांचं काही अडलं असेल. कारण ऐकून मात्र मी गप्पच झालो. बाहेरून आलेल्या प्रचारकांनी पेपरातली युद्धं आणि संदेष्ट्यांची वचनं जुळवून दाखवली, शेवट जवळ आलाय म्हणाले, आणि तू इसार परत मागितलास! फोनवर वाद नको म्हणून लिहितोय.

बायबलातला यिर्मया संदेष्ट्याचा ३२वा अध्याय काढ. इ.स.पू. ५८७च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमेला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेचा वेढा, आणि नगर पडणार असं सांगितलं म्हणून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो नि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. भाऊबंदच तो, वेळ बरोबर साधली! अनाथोथ यरुशलेमेपासून चालत तासाभरावर, म्हणजे शेत वेढ्याबाहेर, शत्रूच्या पायाखाली. शिवाय याच गावचे लोक एकदा यिर्मयाच्या जिवावर उठले होते.

हे देवाचंच सांगणं मानून त्यानं घेतलं. आणि कसं घेतलं ते सावकाश वाच. सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून दिलं (आजच्या मापानं साधारण दोनशे ग्रॅम). खत लिहिलं, मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. प्रती दोन, एक मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्यांदेखत त्या आपला लेखक बारूख याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. (मडक्यात लेख किती टिकतात ते १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या जुन्या गुंडाळ्यांनी दाखवलंच.) या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे भाकीत त्यानं असं पदरचे पैसे मोजून सांगितलं. नगरात भाकरीची मारामार, आणि हा खरेदीखत करतोय!

पैसे मोजून झाल्यावर मग तो देवाला विचारतो: नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? हा क्रम मला फार आवडतो.

तुझ्या हॉलमधल्या कॅलेंडरवर यिर्मया २९:११ आहे, हिताच्या संकल्पांचं. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं आहेत, ती छापणाऱ्यानं सोयीस्कर गाळली. ते बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं पत्र आहे रे. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, त्या नगराचं भलं मागा. इकडे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगत होता. तो लोकांना जास्त आवडला असणार. यिर्मयासुद्धा आधी त्याला ‘आमेन’ म्हणाला, आणि मग नाही म्हणाला. प्रचारकांची तारीख ऐकली की मला हनन्या आठवतो, मग ती सुटकेची असो की शेवटाची.

यिर्मयानं त्या शेतात काही पेरल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पुढे त्याच्याच लोकांनी त्याला मिसरात नेलं.

तुझ्या प्लॉटचा सातबारा मात्र पुन्हा एकदा बघ. मालकाच्या बहिणींचं हक्कसोडपत्र राहिलंय म्हणाला होतास. त्यापायी मोडलास तर मी अवाक्षर काढणार नाही.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मी