अलमूतची बाग पाहिली कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इराणातल्या अलमूत किल्ल्यावरचा लेख वाचला. तिथला निझारी इस्माइली या शिया पंथाचा प्रमुख हसन सब्बाह तरुणांना हशीश (भांग-गांजाच्या जातीची नशा) देऊन गुंगीत बागेत नेई, त्यांना तो स्वर्ग वाटे आणि मग ते त्याच्या हुकमासरशी खून करीत, ही गोष्ट लेखात इतिहास म्हणून छापली आहे. तो इतिहास नाही.

ही बाग जगभर पसरली मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातून. मंगोलांनी अलमूत घेतला १२५६ मध्ये. मार्को पोलो व्हेनिसहून निघालाच १२७१ मध्ये. त्याने बाग पाहिली कधी? 'हशीशी', म्हणजे हशीशबाज, ही सीरियातल्या विरोधकांनी निझारी इस्माइलींना दिलेली शिवी. इराणातले शत्रू त्यांना 'मलाहिदा', म्हणजे पाखंडी म्हणत. मंगोल सेनानी हुलागूच्या पदरचा इतिहासकार जुवैनी या पंथाचा कट्टर द्वेष्टा, पण हशीशचा आरोप तोसुद्धा करत नाही. उलट हसनने दारू प्यायल्याच्या आरोपावरून पोटच्या मुलाला मारवले, असे तो लिहितो. असा माणूस अनुयायांना नशा देईल?

खून झाले, हे मी झाकत नाही. १०९२ मध्ये इराणावर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला. पण समोर अफाट साम्राज्याच्या फौजा आणि आपल्याकडे डोंगरातले थोडे किल्ले, ही त्या लढ्याची बाजू लेखात कुठेच नाही. हसनने १०९० मध्ये अलमूत घेतला आणि १२२४ नव्हे, ११२४ मध्ये तिथेच देह ठेवला (लेखात हे वर्ष चुकले आहे). त्या ३४ वर्षांत किल्ल्यावर ग्रंथालय उभे राहिले. पुढे नसिरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि खगोलज्ञ अनेक वर्षे इस्माइली किल्ल्यांत राहून लिहीत होता.

मंगोलांनी किल्ला घेतल्यावर ते ग्रंथालय जुवैनीने स्वतः तपासले. कुराणाच्या प्रती आणि खगोलयंत्रे बाजूला काढली, पंथाचे ग्रंथ जाळले, आणि हे अभिमानाने नोंदवून ठेवले. म्हणजे पंथाची बाजू आगीत गेली आणि उरली ती बहुतेक शत्रूंची बखर. तिच्यातलेही आपण धड वाचत नाही, बाजारगप्पा तेवढ्या उचलतो, याचे मला फार वाईट वाटते.

मी माझगावात राहतो. निझारी इस्माइलींचे इमाम, पहिले आगाखान हसन अली शाह यांची कबर असलेल्या हसनाबादवरून माझे रोजचे जाणे-येणे. माझे खोजा शेजारी याच निझारी परंपरेतले. त्यांच्या मुलांनी आपल्या पूर्वजांविषयी पुरवणीत हे वाचायचे?

पंथाची बाजू शोधायची तर लांब जावे लागत नाही. १९४६ मध्ये याच मुंबईत इस्माइली सोसायटी स्थापन झाली. इव्हानोव्ह या रशियन अभ्यासकाने पंथाच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या लपवून जपलेली फारसी हस्तलिखिते मिळवली, तपासली आणि इथून छापली. पुरवणीत त्या हस्तलिखितांवर एक लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, माझगाव, मुंबई