बाबा, माळ्यावरचा टीव्ही डायरेक्ट प्लगला लावू नका
कोलंबस, ओहायो

ती. बाबांना सा. न.

काल आई फोनवर म्हणाली की तुम्ही माळ्यावरचा जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही खाली काढलाय आणि गणपतीच्या आत चालू करून बघणार आहात. ऐकून खूप बरं वाटलं, पण बाबा प्लीज, तो डायरेक्ट प्लगला लावू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा (चार्ज साठवणारा भाग) आतला ऑक्साईडचा थर गेलेला असतो, पूर्ण व्होल्टेज बसलं की ते शॉर्ट होतात आणि सगळा भार रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मरवर येतो. कंडेन्सर आजही कुठल्याही दुकानात मिळेल हो, पण जुना ट्रान्सफॉर्मर जळला तर तो कुठून आणणार?

मी सध्या आरसीए या अमेरिकन कंपनीचा ६३०टीएस टीव्ही दुरुस्त करतोय, १९४६ चं मॉडेल, १० इंची पिक्चर ट्यूब धरून एकूण ३० ट्यूब (व्हॉल्व्ह). जवळच हिलियर्डला जुन्या टीव्हींचं म्युझियम आहे, तिथे गेल्यापासून हे वेड लागलंय. मी आधी सगळ्या ट्यूब काढून ठेवल्या आणि सप्लायला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला. बल्ब क्षणभर चमकला आणि विझत आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला. तो भकाभक पेटतच राहिला असता तर वायंडिंग शॉर्ट समजायचं आणि तिथेच थांबायचं.

मग कंडेन्सर एकेक काढून मोजले, साफ गेलेले बदलले, मेणाचे कागदी तर सगळेच काढून टाकले कारण त्यांतून हमखास करंट झिरपतो. ट्यूब परत बसवल्या, चित्र आलं, पण दोन्ही बाजूंनी आत ओढलेलं, आणि त्यावर दोन काळपट आडवे पट्टे हळूहळू सरकतायत. हे पट्टेच सगळं सांगतात बाबा. इथला सप्लाय ६० सायकलचा, चित्र सेकंदाला ६० वेळा खाली उतरतं आणि फुल वेव्ह (लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरणाऱ्या) रेक्टिफायरनंतरची हम, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, १२० ची, म्हणून पट्टे दोन, म्हणजे दोष तो चढउतार गाळणाऱ्या फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये. मीटर लावला तर व्होल्टेजही कमी, म्हणूनच चित्र आखडलेलं. मोजताना ठीक वाटलेला एक फिल्टर कंडेन्सर लोडवर दगा देत होता, तो बदलल्यावर चित्र पूर्ण पसरलं. पण मग एकच पट्टा उरला! तो ६० चा, एका ट्यूबमध्ये आतल्या तापणाऱ्या हीटरमधून शेजारच्या कॅथोडला करंट झिरपत होता, ट्यूब बदलली आणि पट्टा गेला. आपल्याकडे ५० सायकल आणि चित्रंही ५०, त्यामुळे हिशोब तोच, फक्त तुमच्या सेटला रेक्टिफायर म्हणून एकच डायोड (अर्धीच लाट वापरणारा) असेल तर फिल्टर गेला तरी पट्टा एकच दिसेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का ते आधी बघून घ्या. नसेल तर चेसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) थेट फेज येऊ शकतो, तेव्हा मागचं झाकण तुम्ही उघडू नका, जुना माहीतगार मेकॅनिक बोलवा. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये आणि पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टरने उतरवायचा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही हे त्यालाही सांगा.

आणि चालू झाला तरी अँटेनावर मुंग्याच दिसतील, त्याला सिग्नल द्यायला मॉड्युलेटर (व्हिडिओचं जुन्या टीव्हीला कळणाऱ्या चॅनेलच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) लागेल. इथे मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग १२ जून २००९ लाच बंद झालं, मी पण मॉड्युलेटरवरच चालवतो.

मागच्या स्टिकरचा फोटो आजच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, सर्किट डायग्राम मिळतोय का ते मी शोधतो. तोपर्यंत प्लगला हात लावू नका.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू