पट्टी अप्रेंटिसच्या हातात देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव धातूच्या भागातल्या ब्लोहोलचा (आत अडकलेल्या वायूमुळे राहिलेल्या पोकळीचा) आकार चार एक्स-रे शॉटमधून कळेल का, एवढाच आमचा प्रश्न होता. मशीन विकायला येणाऱ्यांनी तो एका वाक्यात निकालात काढला होता: पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चार शॉट घ्या, बाकी सॉफ्टवेअर बघून घेतं. आत काय चालतं विचारलं की ब्रोशरचं पान उलटायचं. एका सल्लागाराने तर तेच फी घेऊन सांगितलं, फक्त स्लाइडवर. तुम्ही चहासुद्धा स्वतःच पाजलात.

तुम्ही कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून दोन सारखे चौरस कापलेत. मध्य एकच, एक साडेबावीस अंश डावीकडे फिरवलेला, दुसरा तेवढाच उजवीकडे. मग पट्टी आमच्या साहेबांकडे न देता आयटीआयच्या अप्रेंटिस पोराच्या हातात दिलीत आणि "तू मोज रे" म्हणालात. ०, ४५, ९०, १३५ अंश, कोणत्याही दिशेने पट्टी ठेवा. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर दोन्ही चौरसांत कापली जाणारी लांबी तंतोतंत सारखी. एक्स-रेला तरी दुसरं काय दिसतं? त्या रेषेवर किती लांबीची पोकळी आहे, एवढंच. म्हणजे चार शॉटचे पैसे भरूनही चौरस कोणता ते कळणार नाही! कारणही त्या पोरानेच काढलं: यातल्या कोणत्याही दिशेला काटकोनात, मध्यातून आरसा धरला की एका चौरसाचं प्रतिबिंब म्हणजे दुसरा चौरस, आणि त्या आरशाने रेषेवरची लांबी बदलत नाही. तोपर्यंत तुम्ही गप्प होतात. उत्तर माहीत असताना गप्प बसायला मन मोठं लागतं, सर.

किती दिशांच्या एक्स-रेमधून आकार नक्की कळतो, हाच प्रश्न गणिती हॅमर यांनी १९६१ साली मांडला आणि गार्डनर-मॅकमुलन या गणितींनी १९८० साली उत्तर दिलं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आकार कुठेही आत खचलेला नसेल तर नीट निवडलेल्या चार दिशा पुरतात. आधीच ठरवून ठेवलेल्या तीन दिशा मात्र कधीच पुरत नाहीत, कोणत्याही घ्या. उतार ०, १, २ आणि ५ चालतात, म्हणजे ०, ४५, ६३.४ आणि ७८.७ अंश. समान अंतराच्या, सगळ्यांना आधी सुचणाऱ्या दिशाच नेमक्या फसवतात.

आमच्यासारख्या इतरांसाठी बाकीचंही इथे लिहून ठेवतो. डिटेक्टरच्या आकड्यातून आधी किरण बंद असतानाचा आकडा वजा करायचा. पोकळीवरचा आकडा शेजारच्या भरीव भागाच्या आकड्याने भागायचा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि धातूच्या शोषणांकाने (धातू किरण किती अडवतो त्या अंकाने) भागायचं. पोकळीची लांबी मिळते. शोषणांक पुस्तकातला नको. जाड धातूतून जाताना मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे किरण आधी गळतात आणि प्रत्यक्ष अंक उतरतो, म्हणून त्याच धातूच्या स्टेप वेजवर (वाढत्या जाडीच्या पायऱ्यांच्या तुकड्यावर) तो मोजून घ्यायचा. विखुरलेले किरण तर पोकळी आहे त्यापेक्षा लहान दाखवतात.

आणि सगळ्यात कामाची तुमची ताकीद: सोर्स पुरेसा लांब, किरण जवळपास समांतर असतील, तर एका थरातल्या सगळ्या लांब्यांची बेरीज गुणिले पिक्सेलची रुंदी म्हणजे पोकळीचं क्षेत्रफळ. ते चारही शॉटमध्ये सारखंच यायला हवं. एक जरी वेगळं आलं तर सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, आधी शॉट तपासायचा. ब्रोशरवाल्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं.

खाचाखोचांच्या पोकळीला ही चार शॉटची मेहेरबानी लागू नाही. तिथे सगळ्या दिशांच्या शॉटमधून आकार परत मांडणारं रादोनचं १९१७ सालचं सूत्र, ते गणकावर चालवायला रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांचा १९७१ सालचा फिल्टर, आणि ५०० पिक्सेलच्या रुंदीला सुमारे ७८५ शॉट. हेही तुम्ही स्पष्टच सांगितलंत, आम्हाला बरं वाटावं म्हणून लपवलं नाहीत.

सांगली-मिरजेत हुशार माणसांची वानवा नाही. समोरच्याला लहान न करता शिकवणारी मात्र शोधावी लागतात. साहेबांनी त्या दिवसापासून शॉट लावायचं काम त्या पोराकडेच दिलंय. नव्या दिशांचे आकडे घेऊन तोच तुमच्याकडे येईल, अर्थात क्षेत्रफळं जुळली तरच.

आपले ऋणी,
कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या तपासणी विभागातली मंडळी