मिरचीचं बी उगवलं नाही म्हणून लगेच ट्रे रिकामा करू नका

संपादक महोदय,

थंडीत घरात मिरचीची रोपं करणारे बरेच जण आठ दिवस वाट बघून ट्रे रिकामा करतात, ते बघून फार वाईट वाटतं. मिरचीच्या बियाला 25 ते 30 अंशांची ऊब लागते आणि पुण्यात जानेवारीत गॅलरीत रात्री पारा 10-12 वर येतो, मग ते उगवणार कसं? ट्रे घरात उबदार जागी ठेवा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबलं की पाणी गळायला नको इतपतच ओलं, जास्त झालं की बी कुजतं. ज्वाला जातीची मिरची साधारण 8-10 दिवसांत वर येते, पण भूत जोलोकिया या अतितिखट जातीला 3-4 आठवडेसुद्धा लागतात आणि एकाच पाकिटातलं बीही मागेपुढे उगवतं. कधी कोंब वर येतो पण बियाचं टरफल पानांना चिकटून राहतं, ते ओढू नका, पाण्याचा थेंब सोडून मऊ होऊ द्या. उगवल्यावर मात्र लगेच भरपूर उजेड द्या, नाहीतर रोप नुसतं लांबडं होऊन कोलमडतं. बियाणं विकणाऱ्यांनी पाकिटावर नुसते दिवस छापण्यापेक्षा किती ऊब लागते तेही मराठीत छापावं, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, पुणे