गोदीतल्या काकांना, उशिरा लिहिलेलं आभारपत्र

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र जाहीर लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. शाल-नारळ घेऊन कुणी दारात आलं तर तुम्ही मागच्या दाराने निघून जाल. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. युनियनच्या हापिसात खिडकीजवळचं टेबल, कोरा चहा, आणि कागद वाचताना प्रत्येक ओळीखाली नख फिरवत न्यायची सवय.

बाबा गेले तेव्हा आम्ही दोघी बहिणी शाळेत होतो. आई पाटण तालुक्यातली, मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली तरी वडाळ्याच्या पलीकडे एकटी कधी गेली नव्हती. बाबांचं गावातलं नाव एक आणि गोदीच्या कार्डावरचं दुसरं, कारण पहिल्या दिवशी मुकादमाने जे ऐकलं तेच लिहिलं. बाबा जिवंत होते तोवर कुणाचंच त्यावाचून अडलं नाही. गेल्यावर मात्र फंड, ग्रॅच्युइटी, फॅमिली पेन्शन, सगळं त्या दोन नावांच्या मधे अडकलं. आईला "उद्या या" हे शब्द पाठ झाले होते.

मग कुणीतरी तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही आधी आईला खुर्ची दिली आणि पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. रेशन कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, माझ्या शाळेचा दाखला, विठोबाचा फोटो, सगळं बाहेर आलं. फोटो तेवढा तुम्ही परत पिशवीत ठेवलात. बाकीच्या कागदांच्या तीन चळती केल्यात आणि तिसऱ्या चळतीतून शाळेचा दाखला उचललात. त्यावर बाबांचं गावचं नाव होतं आणि पत्ता गोदी कामगारांच्या चाळीचा. "दोन्ही माणसं एकाच खोलीत राहत होती, म्हणजे माणूस एकच," असं म्हणून तुम्ही हसलात. गेल्या कित्येक दिवसांत आमच्यासमोर कुणी हसलं नव्हतं. पुढे सरपंचाचा दाखला आणायला गावी माणूस पाठवणं, प्रतिज्ञापत्र, बाबांबरोबर टोळीत काम करणाऱ्या दोघांच्या साक्षी, आईच्या अंगठ्याऐवजी तिला सही शिकवण्याचा तुमचा हट्ट, हे सगळं तुम्ही केलंत. पैसे दिले तर रागावलात. बाबांची वर्गणीची पावती होती, तेवढी पुरे म्हणालात.

आई ती सही अजून करते. पेन्शनवर घर चाललं, आम्ही शिकलो.

हे सगळं इतक्या वर्षांनी लिहायला निमित्त झालं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये देशातल्या मोठ्या बंदरांतल्या कामगारांनी 28 तारखेपासून बेमुदत संपाची हाक दिली आणि ग्रुपला ऊत आला. "यांना एवढा पगार, तरी भूक भागत नाही." "गणपतीच्या तोंडावरच बरं सुचतं यांना." "गिरण्यांचं वाटोळं केलं, आता बंदरांचं करा." पगाराचा आधीचा करार 31 डिसेंबर 2021 ला संपला होता आणि अडीच वर्षं नुसत्या बैठका चालू होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. 27 तारखेला समझोता झाला. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर साडेआठ टक्के वाढ, मुदत पाच वर्षांची, लागू 1 जानेवारी 2022 पासून. संप झालाच नाही. त्या दिवशी ग्रुपवर मोदकांच्या ऑर्डरी चालू होत्या. होऊ घातलेल्या संपाला शिव्या मिळतात, टळलेल्या संपाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

गिरण्यांचा दाखला मुंबईत हमखास येतो, आणि तो नुसता झटकून टाकता येत नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यांतली किती घरं पुढे उभी राहिली नाहीत ते लालबाग-परळला विचारावं. त्या संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव काढलं की आजही एका घरात दोन मतं पडतात. पण त्या एका संपाच्या चष्म्यातून मुंबई सगळेच संप बघते, हे मला अन्यायाचं वाटतं. गोदीचं गणित निराळं होतं, आणि ते मला तुम्ही शिकवलंत. पुढे मी कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी तुमच्याकडे येऊन बसायची, तेव्हा.

जहाज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मालकाला माणूस रोजच्या रोज हवा आणि रोजच्या रोज नकोही. टोळीवाले, म्हणजे मजुरांचे ठेकेदार, माणसं पुरवायचे. ज्याच्याकडे बोट दाखवतील तो आत, बाकीचे घरी. बोट आपल्याकडे वळावं म्हणून मजुरीतला वाटा द्यायचा. सरकारी आयोगाने 1931 मध्येच हे थांबवायला सांगितलं होतं. कायदा व्हायला 1948 उजाडलं, आणि मुंबईत योजना सुरू झाली 1951 मध्ये. मग नोंदणी आली, पाळीने काम आलं. नोंदलेल्या कामगारांना काम वाटून देणाऱ्या डॉक लेबर बोर्डाच्या हजेरीला माणूस हजर आहे पण जहाजच नाही, तर हजेरीचे पैसे. काम मिळालं, टोळी जहाजावर चढली आणि पाऊस कोसळला म्हणून हॅच, म्हणजे मालखान्याचं झाकण, उघडलंच नाही, तरी पदरात काहीतरी. तुम्ही म्हणायचात, "फुकटचे पैसे म्हणतात ना लोक, ते हेच." आग विझवणाऱ्या बंबवाल्याला आग नसताना पगार का, असं कोण विचारतं?

याच धर्तीवर महाराष्ट्राने 1969 मध्ये ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा केला. आमच्या पाटण-जावळीच्या किती घरांत त्यावर चूल पेटली ते मला वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरात माथाडीचा पगार येतो तेच गोदीच्या संपाला नाकं मुरडतात, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं.

तुम्ही एकदा मला गोदीच्या ग्रीन गेटपर्यंत घेऊन गेला होतात. आत जायला पास नव्हता, म्हणून बाहेरच उभे राहिलो. भिंत, ट्रकांची रांग आणि भिंतीवरून दिसणारी क्रेनची टोकं. बेलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत शहर या भिंतीला पाठ करून जगतं. पी. डिमेलो रोडवरून रोज हजारो माणसं जातात. पूर्वीचा हा फ्रियर रोड. डिमेलो कोण होते असं टॅक्सीवाल्याला विचारा, साहेबाला विचारा, एकच उत्तर मिळेल. गोदी कामगारांची युनियन उभी करणारा आणि 1958 मध्ये ऐन उमेदीत गेलेला तो माणूस आज पत्त्यातला एक शब्द आहे. माझं मत या भिंतीपाशी येऊन थांबतं. लोक युनियनच्या विरोधात असतातच असं नाही. त्यांना माणूस दिसत नाही, फक्त अडलेला माल दिसतो.

लंडनच्या गोदी कामगारांना हे बरोबर कळलं होतं. तो 1889 चा संप तुमच्याकडूनच प्रथम ऐकला. मागणी तासाला सहा पेनी आणि एकदा बोलावलं तर निदान चार तासांचं काम. माणसं गोदीच्या दारात बसून राहिली नाहीत. पेढ्या आणि कचेऱ्या असलेल्या भागातून रोज मोर्चे काढले, आणि काठ्यांना काय लावलं होतं तर सडके कांदे आणि माशांची मुंडकी. हे आमचं जेवण, बघा. पांढरपेशा लंडनला ते बघावंच लागलं. वर्गण्या जमल्या, आणि उपासमारीची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रेलियातून 30,000 पौंडांच्या आसपास रक्कम आली. पाच आठवड्यांत सहा पेनी मिळाले. कांद्याचा हा किस्सा सांगताना तुमचा चेहरा असा खुलायचा, जणू काठी तुमच्याच हातात होती.

अमेरिकेचं ताजं उदाहरण याच्या बरोबर उलटं आहे. 1 ऑक्टोबर 2024 ला पूर्व आणि आखाती किनाऱ्यावर, मेन राज्यापासून टेक्सासपर्यंत, बंदरं बंद पडली. सुमारे 45,000 माणसं कामावरून उतरली होती. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला, दुकानांतून टॉयलेट पेपर गायब आहे म्हणून. तो बहुतेक तिथेच बनतो, जहाजाने येतच नाही! तीन दिवसांत संप स्थगित झाला, सहा वर्षांत 62 टक्के वाढीवर बोलणं ठरलं. त्याच वर्षी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत 70 टक्के अमेरिकन लोकांनी युनियन असणं मान्य असल्याचं सांगितलं होतं. 2009 मध्ये हाच आकडा 48 होता. म्हणजे युनियन सर्वसाधारणपणे चांगली, पण माझ्या दुकानातलं सामान अडवणारी वाईट. त्यात चर्चा कशाची झाली, तर युनियनचे अध्यक्ष हॅरॉल्ड डॅगेट यांच्या पगाराची. लॅशिंग करताना, म्हणजे कंटेनर जहाजावर घट्ट बांधताना, त्यांच्यावर चढणाऱ्या माणसाचा चेहरा कुणी दाखवल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

आणि लोकांच्या रागाला मुळीच आधार नाही असं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. मशीद बंदरला माझ्या मामेसासऱ्यांची पेढी होती. जहाज लागलंय, माल दिसतोय, पण स्पीड मनीशिवाय, म्हणजे काम लवकर व्हावं म्हणून द्यायच्या वरच्या पैशांशिवाय, क्रेनचा हूक हलत नाही, आणि डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, रोज चढतोय, हे त्यांनी भोगलेलं आहे. ते तुमच्याविषयी काही चांगलं ऐकायला तयार नसत. कंटेनर आले तरी टोळीतली माणसं कमी करायला युनियन तयार नव्हत्या, हेही खरं. मी हे तुमच्यासमोर काढलं तेव्हा तुम्ही युनियनचं वकीलपत्र घेतलं नाही. "घेणारा आमचा होता, देणाऱ्यालाही घाई होती," एवढंच म्हणालात, आणि मग बराच वेळ आपल्याच लोकांवर चिडून बोलत राहिलात. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, की हा माल आता खाडीपलीकडे जाणार आणि तिथे जुन्या टोळ्यांना जागा नसणार. हापिसात हे बोलणाऱ्यांत तुम्ही एकटेच होतात असं बाबांच्या टोळीतले लोक सांगतात. कुणाला आवडलं नसणार.

तुमच्यामुळे मला युनियन म्हटलं की भाषण आठवत नाही, लाल झेंडाही नाही. तीन चळती आठवतात. वर्तमानपत्रात संपाची बातमी येते, असल्या कामाची कधी येत नाही, कारण ते रोज चालतं आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. आईसारख्या किती बायका त्या खुर्चीवर बसून गेल्या असतील! तुम्ही कधी हिशेब ठेवला नाहीत. आमच्या दोघींच्या, आणि आईच्या खास वेगळ्या, मनःपूर्वक आभारांची नोंद मात्र आता झाली असं समजा.

आता काम सांगते, रागावू नका. माझा चुलतभाचा उरणला एका कंटेनर यार्डात आहे. ठेकेदाराकडे. दर काही महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं, भाचा तोच आणि यार्डही तेच. पगार कधी खात्यात, कधी हातात. पीएफचा नंबर विचारला की "देतो" म्हणतात. युनियनमध्ये ये म्हटलं तर काम जाईल म्हणून घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नाही. मी त्याला सांगितलंय, गेट पास, बँकेचे मेसेज, हजेरीचे फोटो, जे मिळेल ते एका पिशवीत टाकत जा. आईच्या पिशवीइतकाच गोंधळ आहे तिच्यात. तुमचे डोळे आता साथ देत नाहीत हे मुलाकडून कळलं, तर वाचून दाखवायला मी बरोबर येईन. शनिवारी दुपारी चालेल का? पाटणचा इंद्रायणी तांदूळ आलाय, तो आणते. त्यावरून वाद घालू नका, ही वर्गणी नव्हे.

आपली,
डॉकवाल्याची थोरली
डोंबिवली